महाधमनीची भिंत: जिवंत माणसात ती वाचायला शिकलेल्यांची गोष्ट

हा आपल्या पॉडकास्टच्या नव्या भागाचा लेखी मजकूर. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमलं नाही, त्यांनी निवांत वाचा.

आजचा भाग इतिहासाचाच आहे. पण यात किल्ले नाहीत, तह नाहीत. आजची गोष्ट एका भिंतीची आहे, जी तुमच्या-माझ्या छातीत, पाठीच्या कण्याला चिकटून उभी आहे. या भिंतीला जखम होते हे डॉक्टरांना कसं कळलं, जिवंत माणसात ती जखम दिसायला किती वर्षं लागली, आणि त्यात आपल्या परळच्या केईएम हॉस्पिटलचा वाटा काय, हे आज बघू.

कल्याण जंक्शन आणि महाधमनी

आम्हा विठ्ठलवाडीकरांना महाधमनी समजवायला चित्र काढावं लागत नाही. सेंट्रलची मेन लाइन डोळ्यांसमोर आणा. सीएसएमटी म्हणजे हृदय. तिथून मोठी लाइन निघते, तीच महाधमनी, डॉक्टरांच्या भाषेत एऑर्टा. निघाल्या निघाल्या ती छत्रीच्या मुठीसारखी वळते, आणि त्या वळणावरून डोक्याला आणि दोन्ही हातांना फाटे जातात. त्याला आपण दादर म्हणू. मग ती छातीतून, पोटातून सरळ खाली येते. वाटेत आतड्यांना, मूत्रपिंडांना फाटे देते. हा झाला ठाणे ते कल्याणचा पट्टा. आणि बेंबीच्या जवळपास तिचे दोन भाग होतात, प्रत्येक पायाला एक. अगदी कल्याणला एक लाइन कसाऱ्याला आणि दुसरी कर्जतला जाते तशी. कर्जतच्या बाजूला कल्याणनंतरचं पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. म्हणजे आपण शरीरात राहतो कुठे, तर एका पायाच्या सुरुवातीला!

ही लाइन साधारण दोन-तीन सेंटिमीटर रुंद असते. आरामात बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त यात ढकलतं. दिवसाला साधारण एक लाख ठोके. एवढे धक्के सोसायचे म्हणून हिची भिंत तीन थरांची असते. आतला थर गुळगुळीत आणि नाजूक. मधला जाड आणि लवचिक, रबरासारखा ताणला जाणारा. बाहेरचा चिवट.

आता वय वाढतं, बीपी वाढतं, तंबाखू-सिगरेट असते, कोलेस्टेरॉल असतं. मग आतल्या थरावर चरबीचा आणि चुन्याचा थर साचतो. कधी कधी हा साचलेला थर फुटतो आणि तिथे खळगा पडतो. खळगा आतला थर ओलांडून मधल्या थरात घुसला, की त्याला महाधमनीचा अल्सर म्हणतात. रिपोर्टवर 'अल्सर' वाचून घरचे लोक पोटाचा अल्सर समजतात. अॅसिडिटीच्या गोळीशी याचा काही संबंध नाही. इथे खळग्यातून रक्त भिंतीच्या आत झिरपतं. मग ते भिंतीत साकळू शकतं, थर एकमेकांपासून सुटू शकतात, बाहेरच्या बाजूला फुगा येऊ शकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिंत फुटू शकते.

अडचण अशी, की हे सगळं भिंतीच्या आत चालतं. बाहेरून काहीच दिसत नाही.

राजाचं शवविच्छेदन

म्हणून या आजाराचा इतिहास मेलेल्या माणसांपासून सुरू होतो. २५ ऑक्टोबर १७६०. पानिपतची लढाई अजून पावणेतीन महिने लांब आहे. तिकडे लंडनमध्ये राजा दुसरा जॉर्ज सकाळी उठला, चॉकलेट प्यायला, शौचाला गेला आणि तिथेच कोसळला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी त्याचं शव उघडलं. हृदयाभोवती रक्त साकळलं होतं आणि महाधमनीच्या आतल्या बाजूला आडवी चीर होती. त्यांनी ते नीट लिहून ठेवलं. भिंत आतून फाटते आणि रक्त थरांमध्ये घुसतं, याची ही फार जुनी आणि नीट अशी नोंद आहे.

पण नोंद झाली म्हणून उपचार आला असं नाही. पुढची पावणेदोनशे वर्षं डॉक्टर हे मृत्यूनंतरच बघत राहिले. १९३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या थिओडोर शेनन या पॅथॉलॉजिस्टने अशा फाटलेल्या महाधमन्यांवर मोठा अहवाल लिहिला. त्यात त्याने दाखवलं, की काही वेळा सुरुवात चरबीच्या थरात पडलेल्या खळग्यापासून होते. आज आपण ज्याला महाधमनीचा अल्सर म्हणतो, त्याचं हे पहिलं वर्णन मानलं जातं. तेही शवविच्छेदनाच्या टेबलावरच.

म्हणजे प्रश्न असा होता: माणूस जिवंत असताना ही भिंत वाचायची कशी?

नाडी नसलेली माणसं

उत्तराचा एक धागा अनपेक्षित जागेतून आला. १९०८ मध्ये जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी एका परिषदेत एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांबद्दल सांगितलं. तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र वेटोळी तयार झाली होती. तिथे बसलेले दोन डॉक्टर, ओनिशी आणि कागोशिमा, म्हणाले की आमच्याकडेही असे रुग्ण आहेत, आणि त्यांच्या मनगटाला नाडीच लागत नाही!

डोळ्याचा आणि मनगटाचा काय संबंध? दोन्हीकडे जाणारे फाटे महाधमनीच्या एकाच वळणावरून निघतात. आपल्या भाषेत, दोन्ही गाड्या दादरवरून सुटतात. तिथली भिंत आतून सुजून जाड झाली, की फाट्यांची तोंडं आकसतात. डोळ्यांना रक्त कमी, हाताला रक्त कमी. पुढे या आजाराला ताकायासूंचं नाव मिळालं. 'नाडी नसलेला आजार' असंही नाव पडलं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. अल्सर बहुतेक वेळा साठी ओलांडलेल्यांना होतो, साचलेल्या चरबीमुळे. ताकायासूचा आजार सुजेचा आहे, आणि तो बहुतेकदा चाळिशीच्या आतल्यांना होतो, त्यातही स्त्रियांना जास्त. दोन वेगळे आजार, पण भिंत तीच. आणि जिवंत माणसात ती भिंत कशी तपासायची, हा प्रश्नही तोच. मुंबईने या प्रश्नावर काम केलं ते या दुसऱ्या आजाराच्या निमित्ताने.

परळचे १०१ रुग्ण

केईएम हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ च्या सुमाराला परळला उभं राहिलं. इंग्रजांच्या काळात मेडिकल कॉलेजातल्या मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांकडे असायच्या. इथे देणगी देणाऱ्यांनी अटच घातली, की शिकवणारे सगळे भारतीय हवेत. आणि हॉस्पिटल महानगरपालिकेचं. गिरणगावातला कामगार, कोकणातून आलेली बाई, कल्याणच्या पलीकडून लोकलने आलेलं कुटुंब, सगळे इथेच यायचे. आजही येतात.

इथे डॉ. प्रफुल्ल कुमार सेन सर्जरी शिकले आणि मग शिकवू लागले. त्यांचं नाव गूगल केलंत तर पहिली गोष्ट येते हृदय प्रत्यारोपणाची. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांच्या टीमने केईएममध्ये भारतातलं पहिलं. रुग्ण काही तासच जगला. १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळालं.

पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं, ज्याची हेडलाइन झाली नाही. केईएममध्ये असे तरुण रुग्ण येत होते ज्यांचं बीपी भयंकर वाढलेलं असायचं. विशी-तिशीतली माणसं. डोकेदुखी, धाप, कधी हृदय थकलेलं. हातात बीपी प्रचंड, आणि पायाला मात्र नाडी मंद किंवा गायब.

परत मेन लाइनवर या. समजा ठाणे आणि कल्याणच्या मध्ये कुठेतरी ट्रॅक अरुंद झाला. काय होईल? दादरला गर्दी तुंबेल आणि विठ्ठलवाडीला गाडीच येणार नाही. हातात बीपी जास्त, पायात कमी. बरोब्बर तेच.

आणि यात आणखी एक चक्र आहे, ते सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. मूत्रपिंड हा शरीराचा बीपी मोजणारा सेन्सरही आहे. त्याच्याकडे जाणारा फाटा आकसला, की सेन्सरला वाटतं सगळ्या शरीरातच प्रेशर कमी आहे. मग तो रेनिन नावाचं रसायन सोडून प्रेशर वाढवायला सांगतो. प्रेशर वाढतं, पण अडथळ्यामुळे सेन्सरपर्यंत पोचत नाही. म्हणून तो अजून वाढवायला सांगतो. सेन्सरचं गणित बरोबर आहे, त्याच्यापर्यंत येणारा डेटा चुकीचा आहे. त्यामुळे नुसत्या बीपीच्या गोळ्या देत राहिलात आणि लाइन तपासली नाहीत, तर मूळ दुखणं तसंच राहतं.

१९६३ मध्ये सेन, किनरे, इंजिनिअर आणि परुळकर यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये यावर पेपर लिहिला, 'मिडल एऑर्टिक सिंड्रोम' या नावाने. म्हणजे महाधमनीच्या मधल्या पट्ट्याचा आजार. जपानमध्ये वरच्या वळणाचा आजार जास्त दिसायचा. आपल्याकडे छातीच्या खालच्या आणि पोटातल्या भागाचा जास्त. म्हणून जपानी रुग्णाची खूण होती हाताची हरवलेली नाडी, आणि आपल्या रुग्णाची खूण वाढलेलं बीपी. परदेशातलं पुस्तक वाचून फक्त मनगट तपासलं असतं, तर इथले किती रुग्ण निसटले असते, विचार करा.

पुढे १९७३ मध्ये सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांचं पुस्तक मुंबईतून प्रसिद्ध झालं. १०१ रुग्णांचा अभ्यास. आजाराला त्यांनी नाव वापरलं 'नॉनस्पेसिफिक एऑर्टोआर्टरायटिस'. हे नाव प्रामाणिक आहे बघा. त्या काळात महाधमनीला सूज येण्याचं ठरलेलं कारण म्हणजे सिफिलिस. इथे ते लागू होत नव्हतं. क्षयाशी नातं असावं असा संशय होता, पण एकच जंतू बोट दाखवून सांगता येत नव्हता. म्हणून नावातच लिहून टाकलं: विशिष्ट कारण ठरवता येत नाही अशी सूज.

आता साधनं बघा. सीटी स्कॅन नव्हता. एमआरआय नव्हता. होती ती बोटं, चारही हातापायांच्या नाडीसाठी. बीपीचा पट्टा. स्टेथोस्कोप, कारण आकसलेल्या जागेतून रक्त जाताना घुंई असा आवाज येतो, तो पोटावर, पाठीवरही ऐकू येतो. आणि एक्स-रे, पण साधा नाही. महाधमनीत औषध सोडून काढलेला. १९२९ मध्ये पोर्तुगालच्या डॉस सांतोस यांनी पाठीतून थेट महाधमनीत सुई घालून हे करून दाखवलं होतं. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी मांडीच्या धमनीतून तारेवरून नळी सरकवायची सोपी पद्धत काढली. त्या एक्स-रेवर लाइन कुठे अरुंद झाली ते दिसायचं.

पण फक्त पोकळी दिसायची, भिंत नाही. भिंत बघायला पॅथॉलॉजी विभाग. वाचू न शकलेल्या रुग्णांच्या महाधमन्या सूक्ष्मदर्शकाखाली थर-थर तपासल्या गेल्या, आणि तो निष्कर्ष त्याच रुग्णाच्या नाडीशी, बीपीशी, एक्स-रेशी जुळवला गेला. एक माणूस सर्जन, एक पॅथॉलॉजिस्ट, एक एक्स-रे बघणारा, सगळे एकाच यादीवर. त्या यादीमुळे पुढच्या रुग्णाच्या बाबतीत बाहेरच्या खुणांवरून आतल्या भिंतीचा अंदाज बांधता येऊ लागला. प्रत्यारोपण एका रात्रीचं होतं, ही यादी अनेक वर्षांची. माझ्या मते ही यादीच खरी क्रांती.

भिंत दिसू लागली

आता परत अल्सरकडे. त्याची भिंत जिवंतपणी दिसायला एक इंजिनिअर लागला. गॉडफ्री हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हता, तो ईएमआय कंपनीत काम करायचा. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये त्याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. काही वर्षांत अख्ख्या शरीराचे स्कॅन होऊ लागले. शिरेतून औषध देऊन स्कॅन केला, की महाधमनीची पोकळी उजळते आणि भिंतही वेगळी दिसते. अल्सर असेल तर भिंतीत घुसलेला उजळ खळगा दिसतो, कधी अळंबीच्या टोपीसारखा.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या स्टॅन्सन आणि सहकाऱ्यांनी छातीतल्या महाधमनीच्या अल्सरवर पेपर लिहिला. दुखणं कसं येतं, स्कॅनवर काय दिसतं, भिंतीत काय घडतं, हे त्यांनी जुळवून दाखवलं. शेननच्या टेबलावरचा आजार बावन्न वर्षांनी जिवंत रुग्णाचा आजार झाला. पद्धत ओळखीची वाटते ना? परळला ताकायासूच्या आजारासाठी तेच केलं होतं.

उपचारही हळूहळूच आले. १९५० च्या दशकात ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी खराब महाधमनी कापून कापडाची नळी शिवू लागले. ते दुकानात नायलॉन आणायला गेले, ते संपलं होतं, म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या! डेक्रॉन आजही वापरतात. १९६५ मध्ये मायरन व्हीट यांनी वेगळा विचार मांडला: फाटलेल्या भिंतीवरचा धक्का औषधाने कमी करा. बीपी उतरवा, हृदयाचा जोर कमी करा. आजही पहिला उपचार तोच असतो. मग १९८७ मध्ये युक्रेनमधल्या खार्किव्हला निकोलाय वोलोदोस यांनी छाती न उघडता, मांडीतून घडी घातलेली नळी सरकवून छातीतल्या महाधमनीत उघडली. १९९० मध्ये अर्जेंटिनाच्या पारोदींनी पोटातल्या महाधमनीत तेच केलं. यालाच आज स्टेंट ग्राफ्ट म्हणतात.

आज डॉक्टर साधारण असं ठरवतात. अल्सर हृदयाजवळच्या भागात असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन. खालच्या भागात असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर बीपीची औषधं आणि ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन. दुखणं थांबत नसेल, खळगा वाढत असेल, रक्त झिरपत असेल, तर स्टेंट ग्राफ्ट. त्यातही धोका आहे. नळीने पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा फाटा झाकला गेला, तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये छोटा, न दुखणारा अल्सर सापडला, तर लगेच स्टेंट टाकतातच असं नाही. वाट बघणं हाही उपचार असतो, फक्त वाट बघताना फॉलोअप चुकवायचा नाही.

उसण, गॅस आणि दोन हात

आता हे सगळं आपल्याला कशाला हवं?

स्कॅन मशीन आज कल्याणलाही आहेत, उल्हासनगरलाही. अडतं ते मशीनच्या आधी. अचानक पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये जोरात कळ येते. घरी कोणी म्हणतं उसण भरली, बाम चोळ. कोणी म्हणतं गॅस झालाय, ओवा खा. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण उसणीला कारण सापडतं, वाकलो होतो, पिंप उचललं होतं. महाधमनीची कळ बहुतेकदा अचानक येते आणि पहिल्या क्षणापासून प्रचंड असते. सोबत घाम, चक्कर, कधी एका हाताची किंवा पायाची शक्ती जाणं. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो, असं यात नसतं. आणि हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारी औषधं दिली, तर झिरपणाऱ्या भिंतीला ती उलटी पडू शकतात. अशा वेळी १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: दुखणं कधी सुरू झालं, कसं सुरू झालं, आधीपासून बीपी आहे का.

मोठ्या माणसांनाही हे अवघड जातं. ३१ डिसेंबर २००५ ला सत्त्याण्णव वर्षांच्या डिबेकींच्या स्वतःच्या छातीत कळ आली. आयुष्यभर ज्या आजारावर काम केलं, तोच. तरी ते लगेच हॉस्पिटलमध्ये गेले नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्याच शिष्यांच्या पिढीने त्यांच्यावर ऑपरेशन केलं, ते बरे झाले आणि २००८ मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी गेले. इतकं नशीब सगळ्यांना मिळत नाही.

आणि तुमच्यासारख्या विशी-तिशीतल्यांसाठी केईएमच्या यादीतली गोष्ट. बीपी हा फक्त आई-बाबांचा विषय नाही. तरुण वयात बीपी वाढलेलं निघालं तर नुसती गोळी सुरू करून थांबू नका, कारण शोधायला सांगा. पुढच्या वेळी बीपी मोजाल तेव्हा दोन्ही हातांचं मोजायला सांगा. दहापर्यंतचा फरक चालतो. वीसच्या वर, आणि पुन्हा पुन्हा तोच दिसला, तर विचारा. पायाची नाडीही बघायला सांगा. घरात कोणाचा जुना सीटी असेल तर सीडी आणि रिपोर्ट जपून ठेवा. खळगा वाढला की नाही हे जुन्या स्कॅनशी ताडूनच कळतं.

दोन बोटं, एक पट्टा आणि नीट ठेवलेली नोंद. परळच्या त्या टीमकडे १९६३ मध्ये मुख्यतः एवढंच होतं, आणि त्यातून त्यांनी न दिसणारी भिंत वाचली. आपल्याकडे तर आता खिशात फोन आहे. त्यात आई-बाबांच्या बीपीची एक नोंद उघडा, दोन्ही हातांचे आकडे, तारखेसकट.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि हा भाग घरच्या ग्रुपवर टाका.